आमटीत पडलेला रिमोट

वडगावात तम्मण्णाच्या घरी रिमोट आमटीत पडला, तेव्हा संध्याकाळचे साडेसात वाजले होते आणि मालिकेतली थोरली सून मरणाच्या दारात होती. गेले अकरा भाग ती दारातच होती. आत जात नव्हती, बाहेर येत नव्हती. रिमोट पळीनं वर काढला, पुसला, पंख्याखाली धरला. कांदा-लसणाचा वास सोडला तर तो पूर्वीसारखाच झाला. सगळी बटणं चालली. फक्त आवाज शून्यावर गेला तो गेलाच.

"घ्या. मुका सिनेमा," अमृत म्हणाला. अमृत हा तम्मण्णाचा लेक. इंजिनिअर होता, म्हणजे दिवसभर घरीच असायचा.

"चालू दे की, चित्र तर दिसतंय," असं म्हणून चंपाबाई गवारीच्या शेंगा मोडत टीव्हीसमोर बसली. ही तम्मण्णाची बायको. नवऱ्याच्या हातून आमटीत रिमोट पडूनही ती काही बोलली नाही, याचंच तम्मण्णाला जास्त भ्या वाटत होतं.

पडद्यावर मरणाऱ्या सुनेभोवती सात बायका रडत होत्या. तम्मण्णा भिंतीला टेकून त्यांच्याकडं बघत होता.

"ती कडेची, निळ्या साडीची," तो सहज बोलून गेला, "म्हणायलीय, जेवणाचा टेम्पो आला न्हाय अजून."

"कुणाला म्हणायलीय?" लेकीनं, स्वरूपानं विचारलं.

"शेजारणीला. शेजारीण म्हणती, आला तरी भात गारच असणार, कालच्यागत."

दोन्ही पोरं टीव्ही सोडून बापाकडं बघायला लागली. "आप्पा, तुमास्नी कसं कळालं?"

"तोंड हलतंय की तिचं," तम्मण्णा म्हणाला.

त्यात त्याला काही विशेष वाटलं नाही. घरामागच्या शेडमध्ये चार पॉवरलूमचे माग होते. चारी एकदम सुरू झाले की तिथं कानाचा उपयोग फक्त बिडी ठेवायला होई. तेहतीस वर्षं तम्मण्णा त्या खडखडाटात साड्या विणत होता आणि तेहतीस वर्षं समोरच्याचे ओठ बघूनच त्याचं ऐकणं चाललं होतं. मराठी ओठ, कन्नड ओठ, सगळे त्याला यायचे. खडखडाटाचा आणखी एक फायदा होता. घरात जे बोलायची सोय नसे, ते तो मागासमोर उभा राहून मोठ्यानं बोलून टाकी. मेहुण्याबद्दल, कोशिंबिरीतल्या मिठाबद्दल, एकूण संसाराबद्दल. कोपऱ्यात चंपाबाई चाकावर सुताच्या कांड्या भरत बसलेली असे, पण तिची मान खाली असे आणि चाक फिरत असे. माग बंद झाला, की तम्मण्णा मोकळ्या मनानं जेवायला येई. असा सुखी माणूस अख्ख्या गल्लीत नव्हता.

त्या संध्याकाळी पोरांनी मालिका बदलून दक्षिणेकडचा एक डबिंग केलेला सिनेमा लावला. हिरो-हिरोईन पावसात भिजत होते.

"हिरो कन्नडमध्ये बोलायलाय," तम्मण्णा म्हणाला. "तू न्हाईस तर मी न्हाय, आसलं कायतरी. हिरोईन मोजायलीय."

"काय मोजायलीय?"

"आकडं. ओंदू, एरडू, मूरू... तिला कन्नड येत न्हाय बघ. नुसतं तोंड हलवायला आकडं शिकवल्यात."

हिरोईननं अकराव्या आकड्याला मान वळवली, चौदाला ओठ थरथरवले आणि 'हदिनेंटु' म्हणजे अठराला ती हिरोच्या गळ्यात पडली. अमृत हसून हसून गादीवरून खाली आला. चंपाबाईही गालातल्या गालात हसत होती, पण ती 'हदिनेंटु'च्या जरा आधीच हसली. अमृतला वाटलं, शेंगा कोवळ्या निघाल्या असतील.

नवा रिमोट आणायचा नाही, असा ठराव अमृतनं तिथल्या तिथं पास केला. दुसऱ्या दिवसापासून 'आवाज बंद, आप्पा चालू' या नावानं तो व्हिडिओ टाकू लागला. आठवड्यात चाळीस हजार लोकांनी ते बघितले. जो देश बोलणाऱ्यांचं ऐकत नाही, तो न बोललेलं ऐकायला चाळीस हजारांनी जमतो, हे तम्मण्णाला नवीनच होतं. क्रिकेटचा कप्तान पंचाला काय म्हणाला, पुढारी माईक बंद झाल्यावर काय म्हणाला, हे विचारायला गल्लीतली माणसं चप्पल काढून घरात येऊ लागली.

मग मारुतीराव आले. ते शेजारचेच. सरकारी कचेरीत छत्तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेले. निरोप समारंभाचा व्हिडिओ त्यांनी मोबाईलवर आणला होता. त्यात मोठे साहेब त्यांच्या गळ्यात हार घालता घालता मागच्या शिपायाच्या कानाला लागले होते.

"तम्मण्णा, साहेब माझ्याबद्दल काय म्हणाले एवढंच सांग. नातवंडांना सांगायला होईल."

तम्मण्णानं बघितलं आणि साध्या माणसासारखं सांगून टाकलं. "ते म्हणायल्यात, ह्यांचं नाव काय?"

मारुतीरावांनी मोबाईल खिशात घातला. मग उठून गेले. त्यांनी भिंतीवरचा समारंभाचा फोटो उतरवला आणि कडोलीच्या साहित्य संमेलनात वाचायला म्हणून लिहिलेली 'धन्य ही कचेरी' नावाची एकोणीस कडव्यांची कविता फाडून टाकली. कविता गेल्याचं दुःख कुणाला झालं नाही, पण मारुतीराव तम्मण्णाशी बोलायचे थांबले.

"आजपास्नं बंद," तम्मण्णानं जाहीर केलं. "लोकांनी बोलावं, देवानं ऐकावं. मी मधी पडणार न्हाय."

हे जाहीर करून दोन तास झाले असतील, तोवर उचगावहून मालुबाईंचा फोन आला.

मालुबाई म्हणजे स्वरूपाची होणारी सासू. स्वरूपा आणि साईराज एकाच ऑफिसात नोकरीला. एक घर मागावरचं, एक घर शेतातलं. दोन्ही घरांनी मान हलवायला सव्वा वर्ष लागलं होतं आणि आता लग्न तीन आठवड्यांवर होतं. त्यातून मालुबाई म्हणजे साधी बाई नव्हे. साईराजला सांगून आलेलं एक स्थळ पाहुण्यांनी दुसऱ्यांदा शिरा घेतला नाही म्हणून त्यांनी मोडलं होतं.

"पाव्हणं, उद्या जेवायला या," मालुबाई फोनवर म्हणाल्या. "जरा एक व्हिडिओ बघायचाय."

तम्मण्णाला रात्री शिऱ्याची स्वप्नं पडली.

दुसऱ्या दिवशी उचगावात जेवणं झाली. तम्मण्णानं शिरा तीनदा घेतला, चंपाबाईनं दोनदा. मग मालुबाईंनी टीव्हीला पेनड्राईव्ह लावला. थोरला मुलगा युवराज याच्या लग्नाचा व्हिडिओ होता, सहा वर्षांपूर्वीचा. अख्ख्या व्हिडिओवर सनई चढवलेली होती. माणसं येत होती, जात होती, तोंडं हलवत होती आणि सगळ्यांच्या तोंडून सनईच बाहेर पडत होती.

"नीलम, पाव्हण्यांना चहा टाक," मालुबाई आत बघून म्हणाल्या. "आलं घालू नको."

"व्हय आत्या," आतून थोरल्या सुनेचा आवाज आला.

"लई गुणाची पोर. सहा वर्सांत एकदा न्हाय म्हणाली न्हाय मला," मालुबाई म्हणाल्या. मग आवाज खाली आणला. "पण तिची आई, ती कणकुंबीची शालूबाई... थांबा, आता येतंय बघा."

पडद्यावर पाठवणी सुरू झाली. शालूबाईनं लेकीला मिठी मारली होती आणि तिच्या खांद्यावरून मालुबाईंकडं बघत ती लेकीच्या कानात काहीतरी सांगत होती. कॅमेरावाल्याला वाटलं आता आसवं येणार, म्हणून त्यानं चेहरा जवळ घेतला होता. आसवं आलीच नाहीत. आली ती वाक्यं.

"सहा वर्सं मला झोप न्हाय, पाव्हणं," मालुबाई म्हणाल्या. "माझ्याकडं बघून बोललीया. धडधडीत. काय बोललीया तेवढं सांगा. खरं सांगा. लपवलासा तर मला कळतंय."

"सोडा की ओ," कोपऱ्यातून त्यांचे मालक भावकू म्हणाले.

"तुमी गप बसा."

भावकू बसलेच होते. ते गप्प झाले.

नीलम चहाचा ट्रे घेऊन दारात आली आणि पडदा बघून तिथंच थबकली. चहाला आल्याचा घमघमाट सुटला होता. मालुबाईंनी एक घोट घेतला. "बघा, बिनआल्याचा चहा कसा गोड लागतोय," त्या म्हणाल्या. सहा वर्षांत त्यांची तशी समजूतच झाली होती.

व्हिडिओ मागं घेतला. शालूबाईचे ओठ हलले. तम्मण्णानं वाचलं:

'सासू वरडंल, वरडू दे. न्हाय म्हणून कधी म्हणायचं न्हाय. व्हय म्हणायचं आनि आपल्या मनाचं करायचं. मी बी माझ्या सासूसंगं असंच वागलो.'

तेवढ्यात शेजारी बसलेल्या चंपाबाईला जोराचा ठसका लागला. चहा बशीत सांडला.

"काय झालं, ईनबाई?" मालुबाईंनी विहिणीला विचारलं.

"काय न्हाय. आलं लागलं घशाला."

"आलं कुठलं? आलं न्हाय त्यात."

"व्हय व्हय," चंपाबाई म्हणाली. "न्हायच की."

तम्मण्णानं घाम पुसला. समोर दारात नीलम उभी होती. तिनं आवाज न काढता नुसते ओठ हलवले: 'मामा, पाया पडतो. सांगू नगासा.' कोपऱ्यातून भावकूंनीही ओठ हलवले: 'घर जळंल ओ.' खोलीत एवढी बोलणी चालली होती आणि ऐकू फक्त सनई येत होती. खरं सांगावं तर नीलमचं घर मोडतंय, आणि त्याच घरात स्वरूपाला पाठवायचंय. सांगू नये तर लग्न मोडतंय. मागावर धागा तुटला की तम्मण्णा तो असा जोडी, की साडीवर गाठ शोधून सापडत नसे. त्यानं दीड वाक्य काढून टाकलं आणि उरलेलं जोडलं.

"त्या म्हणायल्यात," तो म्हणाला, "'न्हाय म्हणून कधी म्हणायचं न्हाय. व्हय म्हणायचं. मी बी माझ्या सासूसंगं असंच वागलो.'"

मालुबाईंचा चेहरा आधी ताणला, मग सैल झाला, मग पदर डोळ्यांना गेला. "आनि मी सहा वर्सं त्या माउलीला शिव्या घातलो!" म्हणत त्यांनी तिथल्या तिथं कणकुंबीला फोन लावला. स्पीकर सुरू.

"शालूबाई, तुमी पाठवणीला पोरीला काय सांगितलासा, ते मला आज कळालं."

पलीकडं बराच वेळ नुसती कोंबडी ओरडत होती.

"कुणी सांगितलं?" शालूबाईनं जपून विचारलं.

"आमच्या नव्या पाव्हण्यांनी ओठ वाचलं. तुमचे लई उपकार झालं बघा. तुमी सांगितल्यागतच वागती पोर."

कोंबडी पुन्हा ओरडली. "बरं झालं की मग," शालूबाई म्हणाली. "लग्नाला दोन दिवस आधी येतो मी. त्या पाव्हण्यांना भेटायचंय."

मालुबाईंना आता चव लागली होती. त्यांनी व्हिडिओ पुढं नेला. पंगतीत भावकू आपल्या परशराम नावाच्या दोस्ताला लांबलचक काहीतरी सांगत होते. "हे काय बोलायल्यात?"

तम्मण्णानं वाचलं: 'आता सून आली. वरडायला दुसरं माणूस मिळालं. आजपास्नं मी सुटलो, परशा.' कोपऱ्यातल्या भावकूंनी हात जोडलेले होते.

"मीठ मागायल्यात," तम्मण्णा म्हणाला.

"एवढं बोलायला लागतंय मिठाला?"

"दोनदा मागितलं."

"त्यांना आळणी कायच चालत न्हाय," मालुबाई कौतुकानं म्हणाल्या आणि टीव्ही बंद झाला. निघताना भावकूंनी तम्मण्णाला मिठी मारली ती सुटेचना. नीलमनं पिशवीत शिऱ्याचा डबा घातला.

परतीच्या बसमध्ये तम्मण्णा खिडकीशी बसला होता. स्वरूपाचं लग्न वाचलं होतं, शेताकडून वारा येत होता. सगळं झकास होतं, फक्त एक गोष्ट टोचत होती. त्या आल्याच्या चहाचा ठसका. तो तोंड उघडायच्या आधीच चंपाबाईला ठसका लागला होता.

"चंपे," तो म्हणाला. "तुला ठसका कशानं लागला?"

"'आपल्या मनाचं करायचं' म्हणाली न्हवं का ती, तवा." चंपाबाई समोर बघत होती. "चांगलं जोडलासा पण. गाठ दिसली न्हाय."

बस दोन थांबे पुढं गेली.

"तुला येतंय व्हय वाचायला?"

"तीस वर्सं त्याच शेडमध्ये बसतोय की मी. मला काय तिथं रेडिओ लावून दिलतासा?"

तम्मण्णाच्या डोळ्यांसमोरून तीस वर्षं सनईशिवाय सरकली. मेहुणा. कोशिंबीर. एकूण संसार. "मग... मी मागाजवळ..."

"माझ्या भावाला रेडा म्हणालतासा," चंपाबाई शांतपणे म्हणाली. "लग्नाच्या दुसऱ्या वर्सी. आनि परवा बी."

दुसऱ्या दिवशी सकाळी तम्मण्णा शेडमध्ये आला तो तोंडाला कोरोनातला निळा मास्क लावून. अमृतनं विचारलं, तर म्हणाला, सुताची धूळ लई झालीय. चारी माग सुरू केले. खडखडाट झाला. तम्मण्णानं तेहतीस वर्षांत पहिल्यांदा मागासमोर उभं राहून काहीही न बोलता दोन हात साडी विणली. मग राहवेना, म्हणून त्यानं कोपऱ्याकडं नजर टाकली.

चंपाबाई कांडी भरत होती. मान खाली, चाक फिरतं, सगळं रोजच्यासारखं. आणि तिचे ओठ हलत होते. भराभरा, न थांबता, सवयीनं. तम्मण्णा बघतच राहिला. तिनं मान वर केली, त्याला बघताना पाहिलं आणि ओठ जरा सावकाश हलवले, त्याला नीट वाचता यावं म्हणून.

'मी बी तीस वर्सं बोलायलोय की ओ. तुमी कवा बघितलाच न्हाईसा.'

तम्मण्णानं मास्क हनुवटीवर ओढला. 'काय काय म्हणालीस गं?' त्यानं ओठांनी विचारलं.

चंपाबाई हसली आणि तिनं पदर तोंडाला लावला.