मारोतरावजींचे मागे पडलेले घड्याळ

इंटरनेट बंद पडले की सामान्य माणसे कंपनीला दूषणे देतात. आमचे शेजारी मारोतरावजी काठी घेऊन तारेचा माग काढीत निघतात. पाटबंधारे खात्यात ते आयुष्यभर कालवा निरीक्षक होते. प्रवाह शेवटपर्यंत पोचला नाही, तर वरच्या अंगाला कोणीतरी तो अडवला आहे, हा सिद्धांत त्यांनी निवृत्तीच्या वेळी खात्याला परत केलेला नाही. घरापासून खांबापर्यंत, खांबापासून चौकापर्यंत ते मान वर करून चालतात. पवनीच्या आमच्या गल्लीतील म्हशी हल्ली त्यांना आपणहून वाट देतात.

एकदा त्यांनी किराणा दुकानदार वामनला भर गिऱ्हाइकांत विचारले, "वामन्या, तू वरून किती घेऊन राहिला बे?"

"काकाजी, मी तं सकाळपासून मोबाईलले हातबी नाई लावला!"

"सारे असंच सांगतात," असा निकाल देऊन ते पुढच्या खांबाकडे वळले.

संगणक त्यांच्या मुलाने मागे टाकलेला. चालू होताना तो भातगिरणीसारखा घरघरतो. मुलाने पाठवलेला नवा मोबाईल देवघरातील डब्यात सोवळ्यात आहे. कारण विचारले की उत्तर एकच: "मले याच्यावरच पायजे." त्यांच्या पत्नी सुमनवहिनी गेल्या माघात निवर्तल्या, तेव्हापासून मारोतरावजी दुपारी चारला त्या यंत्रापुढे बसतात. हा नेम माझ्या संध्येहून काटेकोर आहे, हे ईश्वरसाक्ष मान्य केले पाहिजे.

वैशाखात नेम मोडला. एकही पान उघडेना. पडद्यावर येई, 'तुमचे कनेक्शन खाजगी नाही.'

"खाजगी कायले पायजे? मी काय चोरी करून राहिलो?"

खाली आणखी एक ओळ होती, 'तुमचे घड्याळ मागे आहे.' मारोतरावजींनी भिंतीवरचे घड्याळ तीन मिनिटे पुढे सरकवले आणि यंत्राला दरडावले, "आता?" यंत्र बधले नाही. आठ दिवसांत ते घड्याळ पाऊण तास पुढे गेले, आणि त्याबरोबर मारोतरावजींचे जेवणही.

अखेर एक संगणकतज्ज्ञ आले. पडद्यावरची ओळ वाचणे त्यांच्या शास्त्रात निषिद्ध असावे. टेकता टेकताच ते म्हणाले, "काकाजी, हिस्ट्री साफ करा लागन. मंग मशीन मोकळी."

"त्याच्यात काय काय जाईन?"

"आजवर याच्यावर जे जे शोधलं, ते सारं."

मारोतरावजी उठले आणि यंत्र नि तज्ज्ञ यांच्या मध्ये उभे राहिले. "हात नोको लावू. चालू नाई झालं तरी चालन. पुसाचं नाई."

"मंग मले बलावलं काहून?"

"दुरुस्तीले. पुसाले नाई."

मी चहाच्या निमित्ताने तेथे होतो. मला यंत्रातले काही कळत नाही. पंचांग मात्र कळते. पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत तारीख होती: एक जानेवारी, आणि साल चौदा वर्षांपूर्वीचे. मी ती नम्रपणे निदर्शनास आणली.

"तारीख सांभाळनारा आतला सेल गेला असन," तज्ज्ञ गंभीरपणे म्हणाले. "मले शंका होतीच." त्यांनी तारीख सुधारली, सेल बदलला, आणि पान उघडले. काहीही पुसावे लागले नाही. आपल्या सर्वज्ञतेसह ते निघून गेले.

मारोतरावजींनी एका बोटाने 'न' हे अक्षर दाबले. त्याखाली पूर्वी कोणीतरी शोधलेली वाक्ये उलगडली. वरचेच होते: 'नवरा फार बोलतो उपाय'.

मी चष्मा पुसला.

"हिनं शोधलं होतं," ते म्हणाले. "मले कधी बोलली नाई. रोज एक अक्षर दाबतो, महाराज. तिनं जे उघडलं, ते उघडून वाचतो. याच्यात बारा उपाय हायेत. सातवर आलो होतो, तं हे बंद पडलं."

ते आठवा उपाय मनातल्या मनात वाचू लागले. ओठ हलत होते, शब्द नव्हता. चाळीस वर्षे शेजारी राहून या माणसाच्या तोंडाला क्षणभर विसावा मिळावा म्हणून मी किती देवांना साकडे घातले असेल! तो विसावा समोर आला, आणि मला खुर्चीत बसवेना.

"मोठ्याने वाचा, मारोतरावजी," मी म्हणालो. "मी ऐकतो आहे."