सात मिनिटांचा पीसी

माझ्या हातून आजवर एकही यंत्र दुरुस्त न होता परत गेलेलं नाही! विश्वास बसत नसेल तर साताऱ्याच्या एमआयडीसीत येऊन जयराज मेंटेनन्सवाला म्हणून विचारा. अठरा वर्षं एकाच कारखान्यात आहे. प्रेस अडली, कॉम्प्रेसर रुसला, की पहिली हाक मला. तेव्हा घरच्या घरी गेम खेळायचा एक पीसी जोडणं म्हणजे माझ्या हातचा मळ, असं मी गेल्या महिन्यात घरात जाहीर केलं. घरात म्हणजे बायको क्रांती आणि माझे वडील, आबा.

"ह्या वयात गेम?" क्रांती म्हणाली. "बेचाळीस पूर्ण झाली तुम्हाला!"

"माझ्यासाठी नाही गं. दादासाठी."

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, वीरधवल. फौजेत सुभेदार आहे. वर्षातून दोनदा सुट्टीवर येतो आणि ती सुट्टी बँक, तलाठी, उसाची तोड आणि कुणाकुणाची लग्नं खाऊन टाकतात. माझ्या वाट्याला येतात ती सातारा स्टेशनवरची दहा मिनिटं. त्यात आम्ही दोघं सख्खे भाऊ काय बोलतो? "जेवलास का?" "जेवलो." "तिकडं थंडी हाय का?" "हाय." संपलं! तेवढ्यात गाडी येते.

आणि हाच दादा एके काळी दिवसभर माझं डोकं खायचा. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही सांगलीत दोन खोल्यांत राहायचो, आबा मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर कामाला. एका दिवाळीला त्यांनी टीव्हीला जोडायचा गेम आणला. काय दिवस होते! कॅसेट लागली नाही की काढायची, तिच्या तोंडात फुंकर मारायची आणि परत घालायची. फुंकून फुंकून दादाचे गाल दुखायचे. मोटारींची शर्यत आमची लाडकी. मोटारी कसल्या, चार रंगीत ठिपके! पण वळण आलं की दादा अख्खाच्या अख्खा माझ्या अंगावर कलंडायचा आणि मी त्याच्याखाली चिरडत "आबा, ह्यो बघा!" म्हणून बोंबलायचो. त्या ठिपक्यांपायी आम्ही भांडलो, रडलो, एकदा तर एकमेकांना चावलो. मग एकोणिसाव्या वर्षी दादा भरती झाला. मी काही दिवस एकटाच खेळलो, पण जिंकल्यावर शेजारी कुणी चिडणारं नसेल तर कसली मजा? गेम कपाटावर गेला, तिथून कुठे गेला देव जाणे. त्या सांगलीच्या दादाची मला फार आठवण येते, हे मी त्याला कधी सांगितलेलं नाही. स्टेशनवर असलं बोलता येत नाही हो.

या वेळी सुट्टीच्या शेवटच्या रविवारी तो गावाहून साताऱ्याला येणार होता. दुपारी आमच्याकडे जेवायचं आणि साडेपाचच्या गाडीनं जायचं. म्हणजे सव्वीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या हातात दादाची एक अख्खी दुपार! ती मला "जेवलास का"मध्ये घालवायची नव्हती.

सांगलीला माझा वर्गमित्र महावीर याचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. सुट्टी टाकून त्याच्याकडे गेलो. त्यानं डॉक्टरसारखी विचारपूस केली.

"गेम कुठला खेळणार?"

"मोटारींचा."

"एकटा?"

"दादाबरोबर. दोन रिमोट पाहिजेत."

महावीर एकदम खुलला. "वीरधवलदादा? आरं, त्यानं आमच्या घरी येऊन आमचीच कॅसेट फुंकून बिघडवली हुती की!" मग त्यानं मनापासून एकेक वस्तू काढली. प्रोसेसर, बोर्ड, रॅम, आणि विटेएवढं ग्राफिक कार्ड. "एवढं कार्ड घेतलंस तर पॉवर सप्लाय पण तसाच दांडगा घ्यायचा. हितं कंजूषपणा करू नगं गड्या."

सगळं टेबलावर मांडून तो म्हणाला, "ठेव हितंच. दोन तासांत जोडून देतो."

"महावीर, मी चाळीस टनांची प्रेस खोलतो!"

"प्रेस येगळी, ह्ये येगळं."

"यंत्र ते यंत्र!"

"बरं बाबा. फकस्त कूलर बसवताना..."

"माहितीय रे सगळं!" असं म्हणून मी खोकी उचलली. कूलर बसवताना काय, ते त्याच्या तोंडातच राहिलं. सांगली ते सातारा एसटीत मी कॅबिनेटचं खोकं मांडीवर घेऊन बसलो होतो. कराडला शेजारच्या बाईंनी विचारलं, "मिक्सर हाय का?" मी नुसता हसलो.

शनिवारी जोडणीला बसलो. आबा कॉटवर बसून देखरेख करत होते. इथे आमच्या घराचा एक कायदा सांगायला हवा. आबांच्या राज्यात नव्या वस्तूचं प्लॅस्टिक काढत नाहीत. फ्रिजच्या हँडलवर प्लॅस्टिक, टीव्हीच्या रिमोटवर प्लॅस्टिक. आमच्या लग्नात आलेल्या कपाटाच्या आरशावर अजून आहे, त्यामुळे मला गेली पंधरा वर्षं माझा चेहरा नीट दिसलेला नाही. कॅबिनेटच्या काचेवरची फिल्म मी जरा कोपऱ्यातून सोलली मात्र, आबा कडाडले.

"ये! नवी वस्तू हाय ती! ऱ्हाऊ दे की!"

मी निमूटपणे परत चिकटवली. प्रोसेसर बसला, रॅम टकटक बसली. प्रोसेसरवर चपातीला तूप लावावं तशी उष्णता ओढणारी पेस्ट लावली, वर त्याला गार ठेवणारा कूलर ठेवून चार स्क्रू आवळले, कार्ड खोचलं, वायरी जोडल्या आणि देवाचं नाव घेऊन बटण दाबलं.

चालू! पहिल्या दणक्यात चालू! आतले दिवे लाल, निळे, हिरवे फिरायला लागले. क्रांती म्हणाली, "गणपतीची आरास वाटतीय." मी शर्यत लावली. डोंगर काय, दरी काय, मोटारीच्या काचेवर झाडांची सावली काय! मी छाती फुगवून आबांकडे बघितलं आणि सातव्या मिनिटाला खट्! सगळं काळंकुट्ट.

"लाइट गेली," आबा म्हणाले.

डोक्यावरचा पंखा फिरत होता.

परत चालू केलं. सातव्या मिनिटाला खट्. परत केलं, परत खट्! घड्याळ लावून बघितलं. सहा मिनिटं पन्नास सेकंद, सात मिनिटं पाच सेकंद. बिघाडसुद्धा असा वक्तशीर की आमच्या कारखान्यातल्या लोकांनी शिकावं.

दादाचा रविवार आठ दिवसांवर होता. मी कारखान्याच्या पद्धतीनं तपास हाती घेतला. पहिला संशय अर्थिंगवर. बिल्डिंगच्या मागच्या अर्थिंगच्या खड्ड्यात, ते पक्कं व्हावं म्हणून, दोन किलो मीठ आणि चार बादल्या पाणी ओतलं. पीसी सात मिनिटं चालला. क्रांतीच्या आमटीला मात्र त्या दिवशी मीठ नव्हतं!

सोमवारी रॅम काढून खोडरबरानं घासली. सात मिनिटं. मंगळवारी पॉवर सप्लाय पिशवीत घालून परत सांगली. महावीरनं तो त्याच्या मशीनला लावला आणि आम्ही अर्धा तास त्याच्याकडे बघत चहा प्यायलो. ठणठणीत चालला!

"कूलर नीट बसलाय न्हवं?" त्यानं विचारलं.

"चार स्क्रू आवळलेत. माझ्या हातचे! हत्ती लावला तरी सुटणार नाहीत."

"मग येऊन बगू का?"

"नको," मी म्हणालो. एवढं ऐटीत सांगून झाल्यावर त्याला साताऱ्याला कुठल्या तोंडानं बोलावू?

गुरुवारी मला एक धागा सापडला. टेबलफॅन समोर धरला तर पीसी नऊ मिनिटं चालला! म्हणजे उष्णता. मग काय, मी काच काढली, दोन टेबलफॅन लावले, अकरा मिनिटं. शुक्रवारी माझ्यातला इंजिनियर पुरता पेटला आणि मी हॉलमधला पाण्याचा एअर कूलर ढकलत आणून पीसीच्या उघड्या कुशीला लावला.

"त्याच्यातनं पाणी उडतंय हां," क्रांती दारातून म्हणाली.

"तुषार आहेत गं ते!"

ते तुषार पीसीवर नाही, खाली पडलेल्या एक्स्टेंशन बोर्डवर पडले. फट्ट! आमचं घर गेलं, मग जिना गेला, मग अख्खी बिल्डिंग. संध्याकाळचे सात वाजले होते आणि चारही मजल्यांवर मालिका चालू होत्या. पुढच्या पाच मिनिटांत मी जेवढ्या शेजाऱ्यांना भेटलो, तेवढ्यांना आठ वर्षांत भेटलो नव्हतो. पीसी बचावला. माझी अब्रू नाही वाचली.

शनिवारी मी नुसताच त्याच्यासमोर बसून राहिलो. क्रांतीनं चहा आणून ठेवला. "जाऊ दे की. भावजी गप्पा मारतील तुमच्याशी."

"नाही मारणार," मी म्हणालो. "आम्हाला येतच नाहीत मारायला." तिनं चहाची बशी माझ्याजवळ सरकवली.

रविवारी अकराला दादा आला. मिशी पांढरी झालेली, पाठ तशीच ताठ. जेवण झालं. "जेवलास ना?" "जेवलो." आता थंडीचं विचारायची वेळ आली तसं मी घाईघाईनं पीसीवरची चादर ओढली आणि सगळं कबूल करून टाकलं. बेत, सात मिनिटं, मीठ, बिल्डिंग, सगळं!

दादानं पीसी चारी बाजूंनी न्याहाळला. मग त्यानं बाह्या सारल्या.

"खोल."

"काय?"

"पुरता खोल. आमच्याकडं हत्यार अडलं तर वरनं फुंकत न्हाईत. सगळं सुटं करायचं, पुसायचं, एकेक बगायचं, जोडायचं. आण पंचा."

जमिनीवर पंचा पसरला. दादानं एकेक भाग काढून त्यावर रांगेत मांडला, किट तपासणीला मांडतात तसा. सगळ्यात शेवटी त्यानं माझे चार स्क्रू सोडवले, कूलर उचलला, उलटा केला आणि थांबला.

"जयराज, ह्ये काय रं?"

कूलरच्या तळाला पारदर्शक फिल्म होती. तिच्यावर ठसठशीत अक्षरांत इंग्रजीत लिहिलं होतं, बसवण्याआधी काढा. तीच अक्षरं मी प्रेमानं पेस्टवर दाबून बसवली होती. प्रोसेसरची उष्णता आठ दिवस त्या प्लॅस्टिकला धडका देत होती बिचारी! चाळीस टनांची प्रेस खोलणारा मी, मला ती फिल्म बसवताना दिसली होती हो. नवी वस्तू आहे, म्हणून राहू दिली होती.

दादानं तिचं टोक धरलं तोच कॉटवरून आवाज आला.

"आरं काढू नगं! नवं हाय त्ये!"

"आबा, तुमी गप बसा जरा!" आम्ही दोघं एकदम ओरडलो. असं एका सुरात आम्ही सांगली सोडल्यापासून ओरडलो नव्हतो. दादानं माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे, आणि दोघांनाही हसू आवरेना. दादा हसत हसत पंच्यावरच बसला.

पावणेतीनला पीसी चालू झाला. सात मिनिटं झाली, आठ झाली, पंधरा झाली. पठ्ठ्या बंद होईना! मी दादाच्या हातात रिमोट दिला. पडद्यावर दोन लखलखीत मोटारी, पुढे घाटाचा रस्ता.

"च्यायला, लय खरं दिसतंय रं!" दादा म्हणाला.

तोच घोटाळा झाला. लयच खरं होतं. पहिल्या वळणावर दरी गरकन फिरली, दुसऱ्यावर आभाळ खाली आलं, तिसऱ्यावर मी दादाकडे बघितलं तर तो पांढराफटक पडला होता. बर्फातल्या घाटातून ट्रक नेलेला माणूस!

"थांबव," तो म्हणाला. "पोटात ढवळतंय."

"मलापण," मी म्हणालो.

चौथं वळण आम्ही दोघांनीही बघितलं नाही. सतरंजीवर डोळे मिटून शेजारी शेजारी पडलो. क्रांती आत डोकावली.

"बंद पडलं का परत?"

"मशीन चालू हाय," दादा कण्हत म्हणाला. "आमी बंद पडलोय."

तिनं लिंबाचं सरबत आणून दिलं. हलता येत नव्हतं, डोळे उघडता येत नव्हते. मग करणार काय? बोलायला लागलो. सुरुवात कॅसेटवरून झाली, मग सांगलीच्या घरातला पाणी तापवायचा बंब, आई, तिचं आजारपण, त्या वेळी त्याला सुट्टी मिळाली नव्हती ते. पुढच्या वर्षी निवृत्त झाल्यावर करायचं काय, याची त्याला भीती वाटते म्हणे. सुभेदाराला भीती! डोळे मिटलेले होते म्हणूनच तो बोलला असणार. मीही बोललो. स्टेशनवर कधी न सांगितलेलं एकदाचं सांगून टाकलं.

"येडं हाय ह्ये," दादा म्हणाला आणि त्यानं माझा हात बराच वेळ धरून ठेवला.

"आरं, तुजी साडेपाचची गाडी न्हवं का?" आबांचा आवाज आला.

पाच वाजून वीस मिनिटं! स्टेशन माहुलीला, घरापासून सहा किलोमीटर. दादा ताडकन उठला, दोन पावलं टाकली आणि दाराऐवजी कपाटात घुसला. गाडी गेली. सव्वीस वर्षांच्या नोकरीत चुकलेली पहिली गाडी! हाताशी एक दिवस राखून निघायची सवय होती म्हणून निभावलं. तरी साहेबांना कळवणं भाग होतं. फोन लावताना दादा भिंतीला एक हात टेकून सावधानमध्ये उभा राहिला.

"जय हिंद साहब. गाडी छूट गई साहब... तबीयत... चक्कर आ गया था." मग बराच वेळ तिकडचं ऐकणं. "नहीं साहब, धूप में नहीं. घर में... वीडियो गेम खेल रहा था साहब."

मग कॅप्टन साहेब असे हसले की मला सतरंजीवर ऐकू आलं. सव्वीस वर्षांचे आहेत म्हणे, तेही खेळतात. उद्याच्या गाडीनं या म्हणाले.

ती सबंध संध्याकाळ आम्हाला फुकटात मिळाली. अजिंक्यताऱ्याकडे तोंड करून गच्चीत बसलो. भेळ खाल्ली, आबांना मध्ये घेतलं, भांडलोसुद्धा. क्रांती वर आली तेव्हा मी हळूच विचारलं, "खालचा पीसी?"

"प्लग काढून ठेवलाय," ती म्हणाली. "त्याच्याकडं नुसतं बघितलं तरी भावजींना मळमळतंय."