चार बोटे उन्हाची बखर

श्रीसूर्यनारायण समर्थ. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, कार्तिक वद्य नवमी, रविवार, ते दिवशी सकाळी आठ वाजोन दहा मिनिटांनी चौथे मजल्यावरील राज्यात ऊन दाखल जाहले आणि पुढे काय काय घडले, त्याचे वर्तमान ऐसे जे:

या राज्यास नाव नाही, दारावर पाटी मात्र आहे. मुलूख म्हणावा तर दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि आग्नेयेस तोंड करून एक गॅलरी. समोर दोन उंच इमारती गनिमासारख्या ठाकलेल्या, त्यांनी वर्षाचे दहा महिने सूर्यास या राज्याचे तोंड पाहू दिले नाही. परंतु थंडीचे दिवसांत सूर्य दक्षिणेस उतरतो आणि त्या दोहोंमधील फटीत सापडतो, आणि मग त्या फटीतून ऊन गॅलरीत येते, ते कार्तिकाचे अखेरीपासोन संक्रांतीनंतर चार दिवसपर्यंत, भर थंडीत रोज अर्धा तास आणि शेवटी शेवटी पाच मिनिटे. सगळी दुनिया सूर्य उत्तरेस वळला म्हणोन तीळगूळ वाटते, येथे मात्र तो लाडू खातेवेळी घशात अडकतो, कां की सूर्य वळला म्हणजे आपला गेला.

राज्याचे धनी राजश्री उल्हासराव आणि बाईसाहेब मेधाबाई. लग्नास एकवीस वर्षे जाहली, फ्लॅटास सात. उभयतांचा हिवाळ्याचा रिवाज ऐसा की, ऊन येताच गॅलरीत दोन खुर्च्या टाकाव्या, राजांनी माकडटोपी चढवावी, बाईसाहेबांनी भेगाळल्या टाचा उन्हात सोडाव्या, खोबरेलाची थिजलेली बाटली कठड्यावर ठेवावी, मटाराच्या शेंगा सोलीत बसावे आणि भांड्यात एक दाणा पडे तों तोंडात दोन पडावे. चहा एकच कप करावा, कप बाईसाहेबांकडे आणि बशी राजांकडे. दोन कप करावे ऐसी मसलत एकदा निघाली होती, परंतु राजे बोलिले, "नको. बशी लवकर संपते, मग तुझ्यातला पुन्हा मागता येतो." त्या मसलतीचे पुढे कोणी नाव काढिले नाही. मग ऊन सरके तैसी छावणी हाले, कढीपत्त्याचे कुंडीपासोन वॉशिंग मशीनपर्यंत, आणि पट्टा एका खुर्चीपुरता उरला म्हणजे राजे रोज न चुकता म्हणत, "सरक थोडी, मलाही ऊन लागू दे." बाईसाहेब म्हणत, "आधी यायचं होतं," आणि सरकत. हंगामाचे शेवटचे दिवशी उन्हाचे पट्ट्याभोवती खडूने रेघ ओढावी आणि भिंतीवर तारीख घालावी, हीच राज्याची शीव. सातही वर्षे तारीख एकच, जानेवारीची अठरा.

ऐसे सुखाने चालिले असता यंदा दसऱ्यास खरेच सीमोल्लंघन जाहले. उल्हासराव पूल बांधणारे कंपनीत नोकर, त्यांस सहा महिन्यांचे मोहिमेवर दूर दक्षिणेस दर्याकिनारी जाण्याची आज्ञा आली, जेथे ऐन डिसेंबरात पंखा फिरतो आणि स्वेटर म्हणजे काय हे कोणास ठाऊक नाही. राजांनी ब्यागेत माकडटोपी घातली, मग हसोन काढिली आणि खिळ्यास परत लाविली. दारात बोलिले, "मेधा, ऊन जायच्या आत येतो." बाईसाहेब बोलिल्या, "या. मी खडू आणून ठेवते." आणि लिफ्टचे दार लागले.

मग कार्तिकात ऊन आले. बाईसाहेबांनी फोनातून राजांस त्याचे दर्शन करविले, राजे तिकडे घामाने डबडबलेले, म्हणाले, "जरा कुंडीकडे धर. हां, तिथंच येतं पहिल्यांदा." आणि बाईसाहेबांनी ऊन सरे तों फोन तेथेच धरिला. इकडे ज्या मुलखासाठी सात वर्षे नित्य तंटा केला, तो सगळा मुलूख बाईसाहेबांचे हाती बिनतक्रार आला आणि गोड लागेना. त्या पट्ट्याचे मधोमध बसू लागत आणि न कळत कडेस सरकत. बाजरीची भाकरी लोण्यासह खावी तों दुसरी भाकरी कोणासाठी केली हे आठवेना. बशी कपाखाली कोरडी राही. कामास येणारी कमळजामावशी फरशी पुसता पुसता एके दिवशी बोलिली, "ताई, ही खुर्ची आत टाकू का? कुनी बसत तर न्हाई."

"असू दे गं."

"मग ऊन बसतंय व्हय तिथं?"

बाईसाहेब हसल्या, आणि ती आत गेली तों डोळे पुसले. मनुष्याची आठवण येते ती सणावारी येते ऐसे म्हणतात, परंतु बाईसाहेबांस ती खोबरेलाची बाटली पाहोन येई.

पौष आला, संक्रांत जाहली, ऊन आखडत आखडत ओंजळीएवढे राहिले. राजांचे येणे शनिवारी पहाटे ठरले होते, शनिवारीच अठरावी तारीख. बाईसाहेबांनी गाजरे किसोन हलवा केला, डांबरगोळ्यांचा वास जावा म्हणोन राजांचा स्वेटर दोन दिवस वारियास टांगिला. तों गुरुवारी सायंकाळी फोन आला. राजे चाचरत बोलिले, "मेधा, ऐक ना. शनिवारी पुलाची तपासणी ठेवलीय साहेबांनी. रविवारी सकाळी पोचतो."

"रविवारी ऊन नसेल, उल्हास."

"माहीत आहे मला."

"बरं," इतकेच बाईसाहेब बोलिल्या, आणि मग तीन भाकरी थापल्या आणि तिन्ही करपविल्या.

शनिवारी आठ वाजोन वीस मिनिटांनी ऊन आले, चार बोटे रुंद आणि हातभर लांब. बाईसाहेब त्याचेपाशी फरशीवर बसल्या, खडू हाती घेतला, आणि ऐसे मनात आले की आज रेघ ओढू नये, न ओढिली तर कदाचित जाणार नाही. परंतु ऊन कोणाचे भिडेस पडत नाही. पट्टा मशीनकडे सरकू लागला तेव्हा त्यांनी घाईने चहूकडून रेघ ओढिली, भिंतीवर तारीख घातली, आणि रेघेच्या आत ऊन संपले ते पाहिले. मग मावशीस बोलाविले. "उद्या गॅलरी पुसायची नाही. परवाही नाही."

रविवारी साडेसातास राजे दाखल जाहले, दाढी वाढलेली, काळवंडलेले, आणि पूर्वीपेक्षा निम्मे. आल्या पावली स्नान नाही, हलवा नाही, थेट गॅलरीत गेले आणि खुर्चीत बसले. बाईसाहेबही चहाची कपबशी घेवोन येऊन बसल्या. उभयता समोरील फटीकडे पाहात राहिली. आठ दहा जाहले, आठ वीस जाहले, डावे इमारतीची कड पिवळी जाहली आणि तैसीच राहिली.

"नाहीच आलं," राजे बोलिले.

"काल गेलं. सांगितलं होतं मी."

राजांनी खाली पाहिले. फरशीवर खडूची चार बोटे रुंद चौकट, आत गारढोण सावली आणि बाईसाहेबांचे एक पाऊल. राजे उठले, आत जाऊन खिळ्यावरील माकडटोपी काढिली, कानांवरोन ओढिली, मोजे उतरविले, आणि खुर्ची पुढे ओढोन आपले पाऊल त्या चौकटीत बाईसाहेबांचे पावलास चिकटवोन बसले.

"सरक थोडी," राजे बोलिले, "मलाही ऊन लागू दे."

बाईसाहेब बोलिल्या, "आधी यायचं होतं," आणि सरकल्या, आणि चहा बशीत ओतिला.

येणेप्रमाणे या हंगामी राज्यात ऊन छप्पन्न दिवस आले, त्यापैकी उभयतांस मिळोन एकही नाही, आणि सत्तावन्नावे दिवशी जे आलेच नाही ते दोघांस पुरले. राजे सोमवारी परत मोहिमेवर गेले. मावशीने गॅलरी अद्याप पुसली नाही.