विमानातून उतरलेले साहेब

रोहितने अमेरिकेतूनच आबांना फोनवर ठणकावून सांगितलं होतं, "मुंबईत उतरायचं, दुसऱ्या टर्मिनलवर जायचं, नाशिकचं छोटं विमान धरायचं. कनेक्टिंग फ्लाइट म्हणजे डाव्या हातचा मळ! फक्त मुंबईला कुणी येऊ नका!"

आबांनी, म्हणजे वाल्मीकरावांनी, ही बातमी निफाडभर केली. शेजारच्या गोटीरामचा मुलगा दुबईहून आला तो मनमाडला रेल्वेतून उतरला होता. आपला मात्र थेट नाशकात विमानातून उतरणार! आता हे विमान चुकलं तर आबांना गावात तोंड दाखवायला जागा नव्हती. बँड ठरला, हार आले, दोन जीपगाड्या भरून मंडळी नाशिकच्या विमानतळावर जाऊन उभी राहिली.

'मुंबईला कुणी येऊ नका' हे मामाला लागू नाही, असं चंदरमामाने परस्पर ठरवलं. भाचा परदेशातून येतो आणि न्यायला मामा नाही? लोक शेण घालतील तोंडात! रोहित बाहेर आला तर मामा हजर, लंकामामी हजर. मामीने भररस्त्यात भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि पहारेकऱ्याची बोलणी खाल्ली.

"मामा, मला पुढचं विमान गाठायचंय!"

"गाठ की! आम्हीच सोडतो. पण मामा भाच्याला उपाशीपोटी लावून देईल व्हय?"

पार्किंगमध्ये चटई पसरली. डबा उघडला आणि ठेच्याचा वास आला. दोन वर्षं पावावर काढलेल्या माणसाने करावं तरी काय? "एकच हं मामी," म्हणत रोहितने तिसरी भाकरी संपवली. वर पुरणपोळी. मामाच्या जीपमध्ये बसून "सरळ टर्मिनलवर" एवढं बोलला आणि घोरायला लागला.

जाग आली तेव्हा समोर डोंगर!

"मामा! हा कसारा घाट आहे!"

"मंग? टर्मिनलपाशी दोन हाका मारल्या तुला. लय गाढ झोपला व्हता रे, हलवायला जिवावर आलं. अन् तुला नाशकालाच जायचंय ना? गाडीबी नाशकालाच चाललीय!"

रोहितने मामाच्या मोबाइलवरून आबांना फोन लावला. पलीकडे बँड दणाणत होता.

"आबा, विमान चुकलं!"

"दिसलं ते!" आबा कुजबुजले. "पयला माणूस बाहेर आला अन् बँडवाले सुटलेच. तुझ्या आत्यानं घाईत हारबी घातला. गोटीराम म्हणला, हाच का तुमचा पोरगा? मी म्हणलं, नाय, हे रोहितचे अमेरिकेतले साहेब, पुढं आलेत!"

"आणि ते गृहस्थ?"

"अकोल्याचे हायेत, फवारणीचे पंप विकतात. लय मोकळा माणूस! जेवायला चला म्हणलं, चला म्हणाले. आता मिरवत घरी नेतोय. तू शिस्तीत ये!"

रोहित निफाडला पोचला तेव्हा साहेब ओसरीवर लोडाला टेकून श्रीखंड चापत होते. गोटीराम शेजारी बसून त्यांना वारा घालत होता. रोहितकडे कुणी ढुंकून पाहीना. आबांनी डोळे वटारले, तसा तो मुकाट्याने साहेबांच्या पाया पडला.

साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "वाल्मीकराव, पोरगा हिरा आहे! याला महिनाभर रजा दिली! परत आला की बढती!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. आबांची छाती अंगरख्यात मावेना. गोटीरामच्या हातातला पंखा थांबला.

"थँक्यू सर," रोहित अगदी मनापासून म्हणाला. खऱ्या साहेबाने दोन वर्षांत त्याला एवढं कधी दिलंच नव्हतं!