बर्फाच्या सहा फेऱ्या

राज्याची अर्थव्यवस्था वाहतुकीवर चालते, हे शासनाने परिपत्रक काढून मान्य केले. ती रोज किती चालते हे कळावे म्हणून नदीच्या पुलावर एक टेबल, एक छत्री आणि एक मोजणी कारकून बसवण्यात आला. मोजणीला भिऊन शहाण्यांनी लांबचा रस्ता धरला.

बर्फवाला मात्र भर दुपारी पुलावर आला. टेम्पोत बर्फाच्या वीस लाद्या होत्या. पुलाच्या पलीकडच्या टोकाला मासळीबाजारात त्याची आत्या टोपल्या मांडून वाट पाहत होती. आज बर्फ वेळेवर आला नाही तर तिची सगळी मासळी जाणार होती.

"दोन वाजेपर्यंत पाचशे भरलेल्या गाड्या दाखवायच्यात," कारकून म्हणाला. "चारशे चौऱ्याण्णव झाल्या. तुम्ही सहा फेऱ्या मारा."

"साहेब, बर्फ आहे हो."

"म्हणूनच सांगतो, लवकर मारा. लायसन इथे ठेवा, सहावीला परत मिळेल."

बर्फवाला पलीकडे गेला, वळला, परत आला. तिसऱ्या फेरीला आत्याचा फोन आला.

"अरे, येतोस काय, जातोस काय. माशांना तोंड दाखवायला येतोस होय रे?"

"आत्या, मी अर्थव्यवस्थेला हातभार लावतोय."

"तिला म्हणावं, माझ्या भाच्याला एवढं राबवतेस तर टोपल्या उचलायलाही ये."

पाचव्या फेरीला टेम्पोमागे पाण्याचा ओहोळ लागला. कारकुनाने आत वाकून पाहिले आणि नियमपुस्तिका उघडली.

"भरलेली गाडी म्हणजे माल असलेली गाडी. मालाची तब्येत कशी असावी, हे लिहिलेलं नाही. जा."

सहाव्या फेरीनंतर लायसन मिळाले. बाजारात पोचलेल्या बर्फात सरबताचा एक ग्लासही गार झाला नसता. आत्याने टोपलीवरचे फडके बाजूला केले, वास घेतला आणि पुन्हा झाकले. बर्फवाला मान खाली घालून उभा राहिला.

"उभा काय राहतोस? भर गाडीत. कचरा डेपोला टाकून ये."

डेपो पुलाच्या अलीकडे होता. नासलेल्या मासळीने भरलेला टेम्पो येताना पाहून कारकून नाकाला रुमाल लावून उठला आणि समाधानाने लिहू लागला. उद्दिष्टापेक्षा एक गाडी जास्त.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात वाहतुकीतल्या विक्रमी वाढीची बातमी आली. ती वाचून आपण राज्याच्या प्रगतीवर मान डोलावली, पिशवी घेऊन बाजारात गेलो आणि भाव का वाढवला म्हणून आत्याशी भांडलो.