अजून अर्धा फेरा

शनिवारी सुट्टीच्या दिवशी, सकाळी दहा वाजता, कारकूनरावांनी बायकोच्या मोटरसायकलचा एक नट आवळायचं ठरवलं. एकच नट. तोही सायलेन्सरचा. (घराला आग लावायलाही काडी एकच लागते, पण ते असो.)

मोटरसायकल बायकोची, हे महत्त्वाचं. उद्या पहाटे चौदा बायकांचा ताफा डोंगरापलीकडच्या तळ्यापर्यंत जाणार होता. तीन वर्षं सगळ्यांच्या मागे राहून धूळ खाल्ल्यावर यंदा पहिल्यांदाच तिला सर्वांत पुढचा मान मिळाला होता. शाळेत जादा तास घ्यायला निघताना तिने बजावलंही होतं, “अहो, गाडीला हात लावू नका हं.”

पण काल ती गाडी चालू करत असताना सायलेन्सर इंजिनाला जोडतात तिथे ‘फुस फुस’ असा बारीक आवाज कारकूनरावांनी ऐकला होता. बायको परत येईल तेव्हा आवाज गायब! केवढी खूश होईल!

इथे त्यांचा स्वभाव सांगायला हवा. कचेरीत ते रेकॉर्ड सांभाळत. त्यांनी बांधलेला फायलींचा गठ्ठा सोडवायला साहेबांना कात्री लागे. कुलूप लावलं की ते तीनदा ओढून बघत आणि चौथ्यांदा बघायला कोपऱ्यावरून परत येत.

तर नट एका फेऱ्यात बसला. गाडी चालू केली, फुसफुस बंद. कुठलाही शहाणा माणूस इथे हात धुऊन आत गेला असता.

“झालं ना? मग ये आत,” पायरीवर पेपर वाचत बसलेली आई म्हणाली.

“अजून अर्धा फेरा, आई. खात्रीसाठी.”

नट करकरला. मग एकदम लोण्यासारखा फिरू लागला.

“बघ, कसा सुरळीत फिरतोय!”

“आवळताना नट सुरळीत फिरतो होय रे?” आईने चष्म्यावरून पाहिलं.

तेवढ्यात नट ज्यावर बसतो तो लोखंडी स्टड नटासकट कारकूनरावांच्या हातात आला. त्याच्याभोवती चकचकीत ॲल्युमिनियमचा भुगा गुंडाळलेला होता. इंजिनाच्या भोकातले सगळे आटे सोलून बाहेर आले होते.

घाबरलेला माणूस काय करेल सांगता येत नाही. नळाला लावतात ती पांढरी टेप त्यांनी स्टडवर अकरा वेढे गुंडाळली, स्टड भोकात कोंबला आणि किक मारली. टेपचा धूर झाला, सायलेन्सर एका बाजूने लोंबला आणि गाडी अशी काही गर्जली की समोरच्या आजोबांनी कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं.

कारकूनराव मटकन खाली बसले. काल बायको आरशासमोर उभी राहून तालीम करत होती. हात वर केला की थांबा, डावीकडे केला की वळा. किती मन लावून करत होती! ते आठवून त्यांना खरोखर रडू आलं.

“रडतोस काय? ढकल!” आई म्हणाली. “पाचला येईल ती.”

गॅरेजमध्ये फिटरकाकांनी भोकात बोट घातलं आणि कारकूनरावांकडे बघितलं.

“साहेब, इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं असतं. मऊ. त्याच्याशी कुस्ती खेळत नाहीत.”

“होईल का हो पाचपर्यंत?”

“होईल. भोक जरा मोठं करायचं, नवे आटे पाडायचे, त्यात ही तारेची गुंडाळी बसवायची आणि गुंडाळीत स्टड. पहिल्यापेक्षा मजबूत. तुम्ही फक्त उजेडाला ही बॅटरी धरा. दोन्ही हातांनी.”

“एका हाताने धरता येईल की.”

“येईल. पण दुसरा मोकळा राहील.”

काकांचं काम मात्र बघत राहावं असं होतं. ड्रिल सरळ धरून त्यांनी हळूहळू भोक मोठं केलं, भुगा फुंकून काढला, गुंडाळी फिरवत फिरवत आत सोडली. स्टड ताठ बसला. कारकूनरावांना मिठीच मारावीशी वाटली, पण हातात बॅटरी होती.

सायलेन्सरचे दोन्ही नट बसले आणि काकांचा फोन वाजला. ते पाठ करून बोलू लागले. पाना समोरच पडला होता. शेजारचा दुसरा नट कारकूनरावांना जरासा, अगदी जरासाच, ढिला वाटला. त्यांनी बॅटरी खाली ठेवली.

करकर. मग लोण्यासारखं.

“साहेऽऽब!”

दुसऱ्या स्टडचं काम होईपर्यंत काकांनी त्यांना बाहेर रस्त्यावर स्टुलावर बसवलं आणि पाना स्वतःच्या मांडीखाली घेतला.

पाचला दहा कमी असताना गाडी घरी आली. बायको आली, तिने किक मारली आणि एक फेरी मारून आली ती फुललेल्या चेहऱ्याने.

“काय गोड चालतेय हो! माझी बाई ती!”

कारकूनरावांना राहवेना. नट, टेप, धूर, सगळं त्यांनी एका दमात कबूल केलं.

“आणि दुसरा स्टड?” बायकोने विचारलं.

“तुला कसं कळलं?”

“फोन माझाच होता ना! ऑइलचं विचारायला केला होता. मध्येच फिटरकाकांची किंकाळी ऐकली आणि मग त्यांनी सगळं सांगूनच टाकलं.” ती हसत हसत पायरीवरच बसली. आईही पेपरामागे हसत होती.

“रागावली नाहीस?”

“तेव्हा रागावले होते. मग काकांनी पुन्हा फोन करून सांगितलं, दोन्ही बाजू आता नव्यापेक्षा पक्क्या. जाऊ दे. उद्या मी पुढे!”

कारकूनरावांच्या जिवात जीव आला. इतका आला, की छातीही थोडी फुगली.

“माझ्याबद्दल काही म्हणाले का काका?”

“हो. तुमची पुढची सुट्टी कधी आहे, ते विचारत होते.”

“बघ! मला काम शिकवायचं मनात दिसतंय त्यांच्या.”

“नाही हो,” बायको डोळे पुसत म्हणाली, “त्या दिवशी गॅरेज बंद ठेवतो म्हणाले.”