पुसूभाऊ कायम झाले

पुसूभाऊंसारखा हुशार प्रोग्रामर अख्ख्या कंपनीत नाही, असं खुद्द पुसूभाऊंचं मत होतं. हे नाव काही त्यांच्या आईवडिलांनी ठेवलेलं नव्हतं. ते ऑफिसातल्या टवाळांनी चिकटवलं होतं, आणि त्याला कारणही तसंच होतं.

कंपनीतल्या सगळ्यांची नोंद एका डेटाबेसमध्ये असायची. कोण कामावर, कोण रजेवर, कोणाच्या कार्डाने कुठलं दार उघडायचं, सगळं त्यात. त्याची एक सरावाची नक्कल होती आणि तिच्यावर भाऊंच्या प्रोग्रामच्या चाचण्या आपोआप चालायच्या. पंचाईत अशी, की एक चाचणी एखाद्याला नोकरीवरून काढायची आणि पुढची नेमकी त्यालाच रजा द्यायला जायची. मग आपटायची! कालचं पातेलं न घासता आज त्यातच दूध तापवावं, तसला प्रकार. भाऊंनी नामी युक्ती काढली. प्रत्येक चाचणीआधी सगळं साफ पुसायचं आणि ठरलेली पाच माणसं जशीच्या तशी परत मांडायची. ही पाच माणसं खरी वाटावीत म्हणून त्यांनी नावं आणि कार्डंही खरीच घेतली. बडतर्फ माणूस एक हवाच होता, तिथे त्यांनी मोठ्या साहेबांना बसवलं. संचालक हवा होता, तिथे स्वतः बसले. सरावाचं तर आहे, कोणाच्या बापाचं काय जातं!

पण खऱ्या नोंदीत भाऊ गेली कित्येक वर्षं 'तात्पुरते' होते. यंदा हे कायम होणार, असं बायकोने माहेरी छातीठोकपणे सांगून टाकलं होतं. नाही झालात तर आईला फोन तुम्ही करायचा, अशी तंबीही दिली होती. आणि सासूबाईंशी फोनवर बोलण्यापेक्षा भाऊंनी दाढ उपटून घेतली असती.

अखेर एका सकाळी हजेरीवाल्या बाईंनी भाऊंच्या नावापुढे 'कायम' लिहिलं आणि खऱ्या डेटाबेसचा पासवर्ड त्यांच्या हाती दिला. भाऊंचा ऊर भरून आला. नवा पासवर्ड त्यांनी दिसेल तिथे चढवला. त्या भरात तो चाचण्यांच्या सेटिंगमध्येही, सरावाच्या नकलेच्या पासवर्डाच्या जागी चढवला, आणि चाचण्या सुरू करून दिल्या.

त्याच वेळी मोठे साहेब हात धुऊन परत येत होते. मधल्या बोळाला दोन्हीकडे काचेची दारं. मागचं दार बंद झालं आणि पुढचं काही उघडेना. साहेबांनी कार्ड घासलं, पुसलं, शेवटी फुंकरही मारली. हजेरीवाल्या बाईंनी घाईघाईने नोंद पाहिली, तर कंपनीत पाचच माणसं उरलेली! साहेब बडतर्फ, संचालक पुसूभाऊ. बाईंनी साहेबांना परत कामावर घेतलं, पण साहेब कार्ड लावेपर्यंत पुढची चाचणी सुरू झाली आणि साहेब पुन्हा बडतर्फ. बाईंनी तीनतीनदा घेतलं, तीनतीनदा निघाले. वरून कोणीतरी हट्टालाच पेटलंय, हे बाईंनी ओळखलं आणि हात जोडले.

बातमी वाऱ्यासारखी पसरली. ज्यांची नावं गळाली होती ते एकेक करून भाऊंच्या टेबलाशी येऊ लागले. ज्याने 'पुसूभाऊ' हे नाव ठेवलं, तो स्वतः चहा घेऊन आला आणि चक्क सर म्हणाला. आमच्याकडेही लक्ष असू द्या, घरी लहान मुलं आहेत, असं जो तो सांगू लागला. कायम झाल्यावर माणसाला केवढा मान मिळतो, याचं भाऊंना नवल वाटलं. त्यांनी खुर्चीत जरा मागे रेलून प्रत्येकाला "बघू, बघू" म्हणून वाटेला लावलं.

शेवटी हजेरीवाल्या बाई आल्या. त्या हळूच म्हणाल्या, "काढलंत ते काढलंत, पण त्यांना निदान घरी तरी जाऊ द्या."

"कोणाला?"

बाईंनी बोट दाखवलं. काचेला नाक लावून साहेब उभे होते. भाऊंनी साहेबांकडे पाहिलं, मग सेटिंगकडे पाहिलं, आणि आपण खरा डेटाबेसच पुसत बसलोय हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी चाचण्या थांबवल्या. चाचण्या मात्र सगळ्या पास!

पण पुसलेलं ते पुसलेलंच. नशिबाने नोंदींची काल संध्याकाळची प्रत जपून ठेवलेली होती. भाऊंनी ती चढवली. दार उघडलं, साहेब बाहेर आले, गळालेली माणसं आपापल्या जागी परतली. पडद्यावर सगळं अगदी काल संध्याकाळी होतं तसं उभं राहिलं. भाऊंच्या नावापुढे 'तात्पुरता'.

"साहेब," भाऊ घसा खाकरून म्हणाले, "आज सकाळची एक नोंद तेवढी राहिली. बारीकशीच आहे."

साहेबांनी पडदा नीट वाचला. मग प्रथमच त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. "राहू दे," ते म्हणाले. "आहे ते छान आहे."

तेवढ्यात बायकोचा फोन आला. तिने ना हॅलो ना काही, एकदम विचारलं, "झालात का कायम?"

"झालो होतो," पुसूभाऊ म्हणाले. "जेवणाच्या सुट्टीपर्यंत."